घरांच्या पाठी

आठवड्याचे पाच दिवस मी यांची फक्त दारं बघतो.
कुणाच्या दाराला घंटा, कुणाच्या दाराशी नुसता कुत्रा,
कुठे पेटी गंजलेली म्हणून पत्र बुटात ठेवायचं.
आज बुधवार. माझी रजा. लाल व्हॅन अंगणात उभी.
आज त्याच अकरा घरांना मी मागून वळसा घालणार,
माळावरून, पायी,
पाठीवर थर्मास आणि चीज घातलेला पाव.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. चर्चमागच्या फाटकापासून चढ लागतो.
वर जावं तसं गवत विरत जातं
जुन्या सदऱ्याच्या कोपरासारखं,
आणि खालून चुनखडी दिसू लागते.

मग गवत संपतंच.
नुसत्या लाद्या, करड्या, मैलभर,
आणि लाद्यांमध्ये कमरेइतक्या खोल भेगा.
पावसाने हजारो वर्षं एकाच रेघेवरून बोट फिरवलं, त्याच्या.
एका भेगेत ॲशचं झाड आहे. आमची तेवीस वर्षांची ओळख.
लादीवर डोकं काढलं की मेंढ्या खातात,
म्हणून ते खालीच राहिलंय:
बुंधा माझ्या मनगटाएवढा, उंची भेगेएवढी.
वाकून मी त्याची पानं मोजायला लागलो,
चाळीसनंतर चुकलो, पुन्हा सुरुवात केली.
चार पिवळी झालीयेत.

पुढे ओढा भेटतो, थोडा वेळ बरोबर चालतो,
आणि एका खळग्यात, काही न सांगता, उतरून जातो.
आयझॅक यूबँकने लहानपणी त्यात पोतंभर भुसा ओतला होता.
सातव्या दिवशी तो खालच्या गिरणीच्या झऱ्यात निघाला.
आयझॅक हे मला दर नाताळात ऐकवतो,
वर म्हणतो, तुमच्यापेक्षा बरं.

मागून घरं वेगळी असतात.
यूबँककडे दोरीवर मे महिन्यापासून एकट्याचेच कपडे.
हाय थ्रँगच्या मागच्या खोलीत पियानो आहे,
त्यावर ठेवलेल्या टोपल्यात कांदे.
पुढच्या दारात या माणसांनी मला
हवापाण्याखेरीज कधी काही सांगितलेलं नाही,
आणि मीही कधी विचारलं नाही.

दुपारी रेवन्सगार्थच्या पाठीशी
ॲग्नस डार्ग गडग्याचं खिंडार भरत होती.
शनिवारी तिच्याच मेंढ्याने पाडलेलं.
"माझं काही आलंय?"
"आज मीच आलेलो नाही."
तिने हसण्याऐवजी माझ्या हातात एक दगड दिला.
इथला नियम असा:
उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही,
त्याची जागा शोधायची.
मी शोधत राहिलो. तिने तोवर सहा लावले.
सातवा माझा बसला तेव्हा मान वर केली,
आणि समोर तिची मागची खिडकी.

जूनमध्ये मी सही घेऊन दिलेलं ते तपकिरी पाकीट
न फोडलेलं, चार घड्या घालून
चौकटीच्या फटीत ठोकलेलं,
वाऱ्यात खडखड होऊ नये म्हणून.
तिने माझी नजर पाहिली.
"गच्च बसलंय," ती म्हणाली.
"बसलंय," मी म्हणालो.
मग आम्ही दोघांनी माझा पाव खाल्ला.

उतरताना ऊन तिरपं, नेच्यांचा रंग गंजाचा,
हेदरचं जांभळं विटून राखेकडे गेलेलं.
चुन्याच्या पडक्या भट्टीत एक मेंढी उभी होती,
मालकिणीसारखी.
तारेवर पाकोळ्या दाटीवाटीने बसलेल्या,
कुणीच आधी निघायला तयार नाही.
बुटात पाणी, गुडघ्यात जुना आवाज,
आणि चर्चमागचं तेच फाटक, दुसऱ्या बाजूने.

माझ्या दाराला कार्ड अडकवलेलं:
'क्षमस्व. आम्ही आलो, आपण घरी नव्हता.'
बदलीवरच्या पोराचं अक्षर. वेळ अकरा दहा.
अकरा दहाला मी भेगेत वाकून पानं मोजत होतो.

कोण काय पाठवणार मला?
दिव्याखाली कार्ड उलटसुलट करून पाहिलं.
कागद जाड आहे, चांगला.
माझ्याही मागच्या खिडकीला
जराशी फट आहे.